अण्णांची साखर बंद केली तेव्हा

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, स्वादुपिंडात गाठ आहे हे कळलं त्या आठवड्यात मी तीनदा सातारा-सांगली एसटी केली. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. मी साताऱ्याच्या एका कॉलेजात जीवरसायन शिकवायची आणि अण्णा सांगलीत एकटेच राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाडी उंब्रजला थांबली की मी उगाच खाली उतरायची आणि लगेच परत चढायची. शेवटी रजा टाकली आणि घरी येऊन बसले. बसले म्हणजे काय, बसवत नव्हतंच.

ऑपरेशनच्या पलीकडे गेलंय, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता फक्त गोळ्या आणि दर पंधरा दिवसांनी दाखवायला जाणं. हातावर हात धरून बसणं माझ्या स्वभावात नाही. मी पुस्तकं उघडली. गाठीच्या पेशी साखरेला वखवखलेल्या असतात, ती भसाभस ओढतात, धड जाळत नाहीत आणि उरलेलं आम्ल आजूबाजूला ओततात. दरवर्षी हे मी फळ्यावर लिहायची आणि पुसायची. त्या दिवशी मात्र त्याच ओळीखाली मी पेन्सिलीनं जाड रेघ ओढली. सापडलं! साखर तोडायची, गाठ उपाशी मारायची. त्यात अण्णांच्या रक्तातली साखरही जरा वाढलेली, त्यामुळे मला आणखीच जोर चढला.

गूळ बंद, केळं बंद, भात वाटीभर, चहा बिनसाखरेचा. अण्णांनी कुपवाडच्या कारखान्यात उभी हयात लेथवर काढली होती, ती गोड चहाच्या जिवावर. "एक चमचा तरी टाक की गं," म्हणायचे. मी म्हणायची, "तो चमचा तुमच्या नाही, गाठीच्या पोटात जातो." हे वाक्य मला फार आवडलं होतं. शेजारणींनाही मी ते ऐकवायची. त्या माना डोलवायच्या आणि मला शहाणी झाल्यासारखं वाटायचं.

मग जतकडच्या गावाहून अण्णांची धाकटी बहीण आली. आत्याच्या घरी अजून मेंढरं होती. ती ओळखीच्या बाईवर सोपवून, दोन गाड्या बदलून ती आली होती. आमच्यात एक रीत आहे. आजाऱ्याला भेटायला आलेल्यानं आधी आपल्या हातानं त्याला एक गोड घास भरवायचा, मगच स्वतः घरातल्या चहापाण्याला हात लावायचा. आत्यानं शेंगदाण्याचे लाडू आणले होते. एक फोडून तिनं अण्णांच्या तोंडाजवळ नेला. अण्णांनी तोंड उघडलंसुद्धा. मी तिचा हात धरला.

"आगं, एक घास हाय," आत्या म्हणाली.

"एकही नाही. विष आहे ते त्यांना."

"मी माज्या भावाला इख घालती व्हय गं?"

अण्णांनी तोंड मिटलं आणि भिंतीकडे बघत राहिले. आत्यानं लाडू परत फडक्यात बांधले. चहा तिच्यासमोर निवत गेला. एवढ्या उन्हात आलेली बाई पाणीही न पिता उठून गेली. मला तिचा राग आला होता, हे आज लिहिताना लाज वाटते. अडाणीपणा, असं मी मनात म्हटलं होतं.

चार दिवसांनी अण्णांना दाखवायला नेलं. डॉक्टरांनी वजन बघितलं, परत काट्यावर उभं केलं. "खातात काय?" मी हुशार विद्यार्थिनीसारखं सगळं धडाधड सांगितलं.

"मॅडम," ते म्हणाले, "गाठ तुमच्या स्वयंपाकघरावर अवलंबून नाही. तुम्ही दिलं नाही तर ती यांचं मांस झिजवून घेते. दंड बघा यांचे. उपाशी राहिले ते हे."

मला पुस्तकातलं पुढचं पान आठवलं. गाठीशी लढायला जाणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही साखरच लागते. म्हणजे गाठ त्यांच्या तोंडचा घास पळवत असणार, वर त्यांना आम्लात उभं करत असणार. स्वादुपिंडाच्या गाठीत त्या पेशी कशा हतबल होतात, हे मी नीट वाचलं ते कितीतरी वर्षांनी. पण त्या खुर्चीत एवढं कळलं, की मी हवं तेवढंच पान वाचलं होतं आणि गाठीच्या बाजूनं उभी राहिले होते. लाडवानं अण्णा वाचले नसते, हे मला माहीत आहे. त्यानं माझा जीव थाऱ्यावर येत नाही.

मी काही बोलणार तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "पोरीला बोलू नका, डॉक्टर. ती लय करती माजं. ती द्यायची, मलाच जात न्हाई."

त्याच सकाळी त्यांनी माझ्याकडे गोड चहा मागितला होता.

घरी येऊन मी आधी स्टो पेटवला. चहात तीन चमचे साखर घातली, वर आणखी एक. अण्णांनी बशी ओठाला लावली, दोन घोट घेतले आणि खाली ठेवली.

"आता खरंच जात न्हाई गं," ते म्हणाले. "तू रडू नगस."