बांगड्या काढून दिलेला आवाज

फोन आला तेव्हा मी हायत्सुंगवाल्याशी, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेच्या दुरुस्तीवाल्याशी, भांडत होतो. बर्लिनमधला एप्रिल महिना, बाहेर कडाक्याची थंडी, घरातला रेडिएटर गार, आणि हा पठ्ठ्या मला सांगतोय की त्याच्या यंत्रात बिघाड दिसतच नाही! मी चांगलाच तापलो होतो, म्हणून पहिले दोन फोन घेतलेच नाहीत. तिसरा घेतला तर पलीकडे उवे. माझी बायको रेवती ज्या स्टुडिओत डबिंग करायची, तिथे तो ध्वनिमुद्रण करतो. "ती बूथमध्ये खाली बसली आणि मग बोलेचना," एवढंच तो म्हणाला. मी हॉस्पिटलात पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. कधी सर्दीनंही अंथरूण न धरलेली बाई... पांढऱ्या चादरीवर तिचे दोन्ही हात, मोकळे. मला सगळ्यात आधी तेच दिसलं. हातात बांगड्या नव्हत्या.

बांगड्या घरी होत्या. दाराशी एक पितळी वाडगा आहे, तिच्या आईनं दिलेला. रेकॉर्डिंगच्या दिवशी निघताना ती काचेच्या सगळ्या बांगड्या त्यात काढून ठेवायची, कारण माइकला सगळं ऐकू जातं. म्हणून नायलॉनचे कपडे नाहीत, म्हणून सकाळी मऊ भात, पोट वाजू नये यासाठी. आणि जाताना पर्समध्ये एक हिरवं सफरचंद, तोंड कोरडं पडू नये म्हणून. सासूबाई होत्या तोवर कुरकुरायच्या, "अगं, सवाष्णीनं असे भुंडे हात घेऊन बाहेर पडू नये." रेवती हसायची, आणि संध्याकाळी दार उघडलं की चपला काढायच्याही आधी बांगड्या हातात चढवायची. ती किणकिण झाली की मी आतल्या खोलीतून ओरडायचो, "आलीस?" ती कधी उत्तर द्यायची नाही. उत्तराची गरजच काय होती म्हणा!

आता कामाचं सांगतो. वडील डॉक्टर, त्यामुळे रेवती पाचव्या वर्षीच हॅनोव्हरला आली. जर्मन तिची मातृभाषाच म्हणा ना. मी पुण्याहून दोन वर्षांच्या कंत्राटावर आलेला इंजिनिअर, अजूनही बेकरीत बोटानं पाव दाखवतो. लग्नानंतर आम्ही बर्लिनला आलो, ती नाटकातून डबिंगमध्ये शिरली, आणि एका जपानी कार्टूनमधलं टपाल वाटणारं घुबडाचं पिल्लू तिच्या वाट्याला आलं. "अगं, एवढ्या मोठ्या जर्मनीत तुला घुबडच मिळालं?" मी म्हणालो. "जपानात घुबड शुभ असतं," ती म्हणाली, आणि अठरा वर्षं त्या पिल्लाला आवाज दिला. इथली पोरं तिला ओळखायची नाहीत, पण यू-बानमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, तिनं पिल्लाच्या आवाजात 'हॅलो' म्हटलं की डबाभर माना वळायच्या. मी मात्र त्याचा एक भाग धड बघितला नाही. कार्टून म्हणजे पोराटोरांचं काम, असं मला वाटायचं. वाटायचं काय, तिला तोंडावर म्हणायचोसुद्धा.

इथल्या डबिंगमध्ये प्रत्येक जण एकटाच येऊन आपापली वाक्यं बोलून जातो. पिल्लाला जिवाभावाचे चार मित्र, पण त्यांचे आवाज देणारी माणसं रेवतीला वर्षानुवर्षं भेटायची नाहीत. अंधारातला बूथ, समोर पडदा, आणि एका कानात मूळ जपानी आवाज. तो एका तोक्योतल्या बाईंचा. रेवती त्यांना 'ताई' म्हणायची. कधी भेट नाही, पत्र नाही, पण ताई कुठे श्वास घेते, कुठे आवंढा गिळते, हे हिला तोंडपाठ. इंग्रजी आवाज अमेरिकेतल्या एका बाईचा, ती 'धाकटी'. धाकटीशी मेलवर गप्पा चालायच्या. एक दिवस तोक्योच्या ताई गेल्याची बातमी आली. रेवती उठली आणि सरळ डोक्यावरून आंघोळ करून आली. "हे काय?" मी विचारलं. "बहीण गेली ना," ती म्हणाली. मी हसलो. हो, हसलो. तिचे केस ओले होते आणि ती माझ्याकडे बघत राहिली होती.

रेवतीचे सगळे विधी झाले आणि आमची मुलगी सई हॅनोव्हरला परत गेली. त्यानंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की मला तिचा आवाज ऐकायचाय आणि घरात तो कुठेच नाही. मोबाइल धुंडाळला. ती आवाजी निरोप कधी पाठवायचीच नाही. "दिवसभर बोलून आलेय, घरी मी फक्त टाइप करणार." आमच्या लग्नाच्या कॅसेटवर व्हिडिओवाल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई चढवलेली. सईला फोन केला, "तुझ्याकडे आईच्या आवाजातलं काही आहे का गं?" "नाइन, पापा," ती नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये 'नाही' म्हणाली. मग जर्मनमध्येच हळू म्हणाली, "पिल्लू आहे ना." मला रागच आला. पिल्लाचा आवाज पिल्लाचा! माझ्याशी भांडणारी, मेथी निवडताना स्वतःशीच पुटपुटणारी बाई मला हवी होती. काय दैव बघा, जिचा आवाज घराघरात, तिच्याच घरात तो नाही.

आणि मग मला ते आठवलं. संक्रांतीचं हळदीकुंकू उरकून ती तशीच स्टुडिओत धावली होती, आणि स्वेटरच्या बाहीत वर सरकवलेल्या दोन बांगड्या काढायच्या राहून गेल्या. भाग टीव्हीवर लागला तेव्हा तिच्या एकटीच्या लक्षात आलं. चेहरा पाडून माझ्यापाशी आली. "अरे, पिल्लाच्या वाक्यात माझ्या बांगड्या वाजल्यात." मी टॅक्सचे कागद भरत होतो. "कोणाला कळतंय!" म्हणालो आणि मान खाली घातली. कुठला भाग, ते विचारलं नाही. उवेलाही ठाऊक नाही.

म्हणून मी बसलो पहिल्या भागापासून. रोज दुपारी जेवण झालं की तीन-चार भाग. शेकड्यांनी भाग आहेत. मी, आयुष्यभर कार्टूनला नाकं मुरडणारा माणूस, कानाला हेडफोन लावून घुबडाच्या पिल्लाची टपालकी बघत बसलो. शेजारीणबाईंनी हसून विचारलं, नातवंड आलंय का? मी जर्मनमध्ये "हो, हो" म्हणून दार लावून घेतलं. हळूहळू मला तिची युक्ती कळायला लागली. पिल्लू रडण्याआधी एक श्वास अडतो, तसाच तिचा भांडणात अडायचा. पण किणकिण काही सापडेना. मध्येच धाकटीची मेल आली. "तिघींमधली आता मी एकटीच उरले. तोक्योच्या वेळी रेवतीनं सांगितलं होतं, तशी मी काल डोक्यावरून आंघोळ केली." मी ती मेल तीनदा वाचली. आणि त्या दिवशी ढसाढसा रडलो.

परवा मंगळवारी हेडफोनचं चार्जिंग संपलं, म्हणून आवाज मोठा करून टीव्ही तसाच लावला आणि चहा टाकायला आत गेलो. बाहेरच्या खोलीत पिल्लू कुणाला तरी सांगत होतं की पत्रं संपली, आता घरी जाऊ या. दूध उतू जाईल म्हणून मी गॅस बारीक करत होतो. आणि किणकिण झाली.

"आलीस?" मी ओरडलो.

धावत बाहेर आलो. दार बंदच होतं, वाडगा दाराशी होता, बांगड्या त्यात होत्या. पडद्यावर पिल्लू पंख झटकून पुढचं वाक्य बोलत होतं.