एका ओळीने सरकलेल्या चाचण्या

परवा गॅरेजमध्ये ब्रेक ऑइलचा उग्र वास आला आणि नव्वदच्या दशकातली साताऱ्याच्या एमआयडीसीतली एक दुपार समोर उभी राहिली. आमच्या कारखान्यात बसचे ब्रेक व्हॉल्व्ह बनत. ग्राहकाची प्रत्येक अट आणि ती तपासणारी चाचणी यांची जोडी संगणकावर लावायचं काम माझ्याकडे, सांगलीहून नुकत्याच आलेल्या इंजिनिअर मुलीकडे होतं. त्या दुपारी ‘पाणी शिरलं तरी ब्रेक लागला पाहिजे’ ही अट मी सहज उघडली, तर तिच्यापुढे रंगाची चाचणी! खालच्या अटीपुढेही भलतीच. चाचणी विभागातल्या निवृत्त सुभेदारांकडे मी धावले. “काका, पाण्यातली चाचणी करताय ना?” “न्हाई बाई. म्हैना झाला, यादीत आलीच न्हाई. आमाला वाटलं, तुमीच बंद केली.” महिनाभराचा माल तसाच गेला होता. शोधल्यावर कळलं, रद्द झालेली एक अट कुणीतरी पुसली होती. जोड्या ओळीच्या क्रमांकावर बांधलेल्या, त्यामुळे पुढच्या सगळ्या एका ओळीने सरकल्या होत्या. पाण्याची चाचणी आमच्या व्हॉल्व्हला लागूच नसलेल्या अटीपुढे गेली, म्हणून यादीतून गळली. पुसणाऱ्याचं नाव पाहिलं, तर माझंच. तशीच जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी लगेच ग्राहकाला फोन लावला. माल त्यांच्या इस्लामपूरच्या गोदामातच पडून होता, एकाही बसला लागला नव्हता. तो परत आला, सुभेदारांनी पहिलाच व्हॉल्व्ह पाण्यात घालून तपासला, आणि तो अडकला. अजूनही पाचगणीचा घाट उतरताना बस वळली, की ब्रेक दाबावा तसा माझा पाय आपोआप खाली दाबला जातो.