आत्यांची साक्ष

आमच्याकडं सून दवाखान्यात गेली तरी तिचं दुखणं सासूच सांगते. माझं पोट, माझी पाळी, माझी चक्कर, सगळं डॉक्टरला आत्याच सांगत आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मला याचा भयंकर राग यायचा. शेजारच्या स्टुलावर बसून त्या अशा बोलायच्या, जणू मी घरीच राहिलेय.

त्या दिवशी मात्र डॉक्टर म्हणाला, "आजी, तुम्ही बाहेर बसा. तपासायचंय." आत्या बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसल्या आणि त्यानं दार लावलं. तपासणीच्या नावाखाली त्यानं काय केलं ते मी पोलिसांना सांगितलंय, कोर्टात सांगितलंय. इथं पुन्हा सांगणार नाही.

डॉक्टरचं म्हणणं एवढंच होतं की सासू पूर्ण वेळ आतच होती. त्यामुळं सगळं आत्यांवर येऊन ठेपलं. सरकारी वकील मला म्हणाले, "सासूबाई फितूर झाल्या तर केस गेलीच म्हणून समजा."

फितूर व्हायला कारणही होतं. सासऱ्यांना रानात साप चावला तेव्हा याच डॉक्टरनं त्यांना वाचवलं होतं. गावातली शहाणी माणसं आमच्याकडं चहाला येऊन बसू लागली. "मालकाला पान लागलं तवा कुणी वाचवलं, याद हाय न्हवं? 'मी आतच होते' म्हणायचं, बास. सुनंची बी अब्रू झाकून ऱ्हाती." आत्या चहा द्यायच्या आणि गप्प राहायच्या. माझ्याशीही गप्पच. ही बाई उलटणार, याची मला खात्री पटली आणि मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

माझी साक्ष आधीच्या तारखेला झाली होती. डॉक्टरच्या वकिलानं विचारलं होतं, "हाक मारली म्हणता, मग भरलेल्या दवाखान्यात एकालाही कशी ऐकू आली नाही?" पंख्याचा आवाज होता, दार जाड होतं, अशी मी माझीच समजूत घालून घेतली होती.

आत्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. त्याच वकिलानं गोड आवाजात विचारलं, "आजी, तुम्ही सुनेजवळ आतच होता ना?"

"न्हाय. त्यानंच भायेर काढलं मला."

मी मागच्या बाकावर होते. आत्या उलटल्या नव्हत्या. वकील चिडला. "बाहेर होता, तर मग सुनेची हाक ऐकू यायला पाहिजे होती!"

"आली की. दोनदा 'आत्या' म्हणली. म्या उठले, दाराला हात लावला."

"मग आत का नाही गेलात?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "डाक्टर रागावंल वाटलं. परत येऊन बसले."

बाहेर आल्यावर सरकारी वकील खुशीत होते. "यापेक्षा चांगली साक्ष मिळत नसते," म्हणाले. आत्या पायरीवर बसून रडत होत्या. त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं आणि ढकलून द्यावंसंही वाटलं. मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढं ठेवली.

निकाल अजून लागायचाय. हल्ली घरात मी साधी हाक मारली तरी आत्या हातातलं टाकून धावत येतात, पिठानं भरलेल्या हातांनी दारात उभ्या राहतात, कावऱ्याबावऱ्या. ते मला बघवत नाही. म्हणून काही लागलं तर मी त्यांना हाक मारत नाही, उठून त्यांच्याजवळ जाते.