राधावहिनीचा नॉर्मल रिपोर्ट

आमच्या राधावहिनीला तुम्ही लालबागच्या मसाल्याच्या बाजारात नक्की बघितलं असेल. मिरच्यांच्या ढिगापाशी बसून देठं खुडते आणि सगळी खोकत असताना ही गिऱ्हाइकाची फिरकी घेते. "बेडगी देऊ की लवंगी? घरी भांडण किती करायचंय त्यावर सांगा." माझ्या भावाशी, अजितदादाशी लग्न करून ती परळच्या चाळीत आली तेव्हा मी शाळेत होते. माझ्या वेण्या तिनं घातल्या, माझ्या लग्नाला दादा नाही म्हणत होता तेव्हा त्याच्याशी तीच भांडली. आता मी माटुंग्याला असते. पण माहेर म्हटलं की मला वहिनी दिसते, दादा नाही.

यंदा वर्षावासात तिचं फार कौतुक चाललं होतं. पावसाळ्याचे ते तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आणि पौर्णिमेला बऱ्याच बाया अष्टशील पाळतात, म्हणजे दुपारनंतर जेवत नाहीत. वहिनी यंदा रोजच जेवेना. विहाराचं बघणारे दत्तारामकाका माईकवरून बोलले, "निष्ठा बघायची तर राधाबाईंची बघा." बाया तिच्या पाया पडायला लागल्या. आणि ही वेडी लाजून हसायची! तिलाही वाटलं, आपलं मन लागलंय म्हणून भूक गेलीय.

मी गेले ती रविवारी सकाळी. जवळ्याची चटणी केली, गरम भाकऱ्या टाकल्या, तिच्या आवडीचं सगळं. तिनं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"काय गं वहिनी?"

"बस झालं. शील पाळतेय ना."

माझं डोकंच फिरलं. "शील दुपारनंतरचं आहे. आत्ता अकरा वाजलेत. सकाळी जेवायला तुला कुणी मनाई केलीय?"

तिनं पेपर वाचत बसलेल्या दादाकडे एकदा बघितलं. मग हळूच म्हणाली, "दोन घासांत पोट गच्च होतं गं. आणि सारखं बाथरूमला जावं लागतं." मी तिच्या पोटाला हात लावला. हातपाय वाळलेले आणि पोट तेवढं टणक. परकराची नाडी तिनं किती सैल बांधली होती, ते मला तेव्हा दिसलं.

दादा पेपरमागून म्हणाला, "उगाच बोभाटा करू नकोस, प्रिती. एप्रिलमध्ये जयंतीच्या शिबिरात तिची कॅन्सरची टेस्ट झालीय. रक्ताची. नॉर्मल!" हे त्यानं उभ्या चाळीला सांगितलं होतं, पेढे वाटले होते. त्या कागदावर काही ठळक अक्षरात छापलं नाही म्हणजे बाई ठणठणीत, एवढंच त्याला ठाऊक.

"डोंबल नॉर्मल," मी म्हटलं. "बाई जेवत नाही आणि तुम्ही तिच्या पाया पडताय?"

दुसऱ्या दिवशी मी तिला टॅक्सीत घालून दादरला नेलं, डॉक्टर नेरिसांकडे. त्या मूळच्या गिरगावच्या, माझ्या दोन्ही बाळंतपणांपासून ओळखीच्या. त्यांनी सोनोग्राफी केली, पुन्हा रक्त घेतलं. रक्ताचा रिपोर्ट ऐकायला दादाही आला होता, आणि रिपोर्ट परत नॉर्मल! दादानं माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, तिथंच त्याला धपाटा घालावा.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "सीए वन-ट्वेन्टी-फाइव्ह म्हणतात याला. दोन्ही आकडे मर्यादेच्या आत आहेत, खरं आहे. पण एप्रिलपेक्षा हा दुपटीहून जास्त आहे. मला एका आकड्यापेक्षा हे चढणं जास्त खटकतंय. आणि सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर मोसंबीएवढी गाठ आहे, आत घट्ट भाग आहे."

"पण नॉर्मल..." दादा म्हणाला.

"सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ही तपासणी जवळजवळ निम्म्या बायकांत नॉर्मलच येते. आणि कॅन्सर नसला तरी कधीकधी वाढते. म्हणून तर तिच्या एकटीवर विसंबायचं नसतं. ही गाठ काढायला हवी, लवकर."

"म्हणजे कॅन्सर आहे?" वहिनीनं विचारलं.

"काढल्याशिवाय मला सांगता येणार नाही. साधी गाठही असू शकते."

घरी येऊन रणकंदन झालं. दादाचं एकच, नॉर्मल रिपोर्ट असताना पोट फाडायचं म्हणजे डॉक्टरांचा धंदा. वहिनीचं दुसरंच. समारोपाचं वाचन तिच्याकडे होतं, तेवढं झालं की बघू म्हणाली. मी ओरडले, रडले, तिला नको नको ते बोलले. "वाचन कोणीही करेल गं बाई! तुझ्या जागी मला दुसरी वहिनी कोण देणार?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुझी खात्री आहे?"

खात्री कसली डोंबलाची! मला फक्त भीती वाटत होती, आणि मी तेच सांगितलं. ती म्हणाली, "बरं, चल."

ऑपरेशन परळच्या हॉस्पिटलात ठरलं. सर्जननं आधीच समजावलं होतं. गाठ न फोडता अख्खी काढायची, वहिनी भुलीच्या झोपेत असतानाच तुकडा तपासायला पाठवायचा. वाईट निघालं तर तिथंच मोठं ऑपरेशन, नाहीतर टाके घालून घरी.

बाहेरच्या बाकावर दादा आणि मी दोघंच होतो. तो म्हणाला, "काही नाही निघालं तर मी तुझं तोंड बघणार नाही." काही नाही निघालं तर मी त्याचे पायसुद्धा धरले असते. पण ती लवकर बाहेर आली नाही. आमच्यानंतर आत गेलेल्या बाईला बाहेर आणलं, तिच्या मुलीनं देवाला हात जोडले, आमचं दार तसंच बंद. दादाला कळलं. त्यानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

सर्जन बाहेर आला. "कॅन्सर आहे," तो म्हणाला. "पण गाठ फुटलेली नाही, आणि बाकी कुठं काही दिसत नाही. सगळे तुकडे तपासू, मग पुढची औषधं ठरवू. पण वेळेत आलात."

दादा जमिनीवरच बसला, लहान पोरासारखा रडला. कॅन्सर आहे म्हणून रडत होता की वेळेत आलो म्हणून, ते त्यालाही माहीत नसेल. मला माझंही कळत नव्हतं.

संध्याकाळी वहिनी शुद्धीवर आली. तिला कोण सांगणार, तर दादानं मला पुढं ढकललं. मी सांगितलं, कॅन्सरच निघाला, काढलाय, एकाच बाजूला होता. तिनं डोळे मिटले. कडेनं पाणी आलं, ते मी पदरानं टिपलं.

मग माझा पदर धरून ती म्हणाली, "प्रिती, तू त्या रविवारी आली नसतीस तर?"

मी तिची चादर सारखी केली. पुढच्या पौर्णिमेला येते असं मी फोनवर सांगून ठेवलं होतं. त्या रविवारी मी आले होते ते नवऱ्याशी भांडले होते म्हणून.