दादाचं कार्ड

एकोडीहून भंडाऱ्याला मुलीकडे जायचं असलं की मी थोरल्या भावाचं आधार कार्ड खिशात घालून निघायचो. दादाला वयामुळे अर्धं तिकीट, मला अजून पूर्ण. तोंडवळा आमचा एकच, आणि त्या कार्डावरच्या फोटोत माणूस स्वतःलाही ओळखू येत नाही. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," असं वहिनी तोंडावर म्हणायची. मी हसायचो.

माझं कार्ड मी मुद्दाम घरी ठेवायचो. एका खिशात दोन नावं सापडली तर कंडक्टर सोडतो होय? माझ्या कार्डाच्या पाकिटात मुलीने एक चिठ्ठी घालून दिली होती. रक्तगट, तिचा नंबर, आणि खाली लाल शाईने, पेनिसिलिन देऊ नये. तरुणपणी त्या इंजेक्शनने माझा गळा बंद होत आला होता. "बाबा, एकटे फिरता, हे जवळ असू द्या," असं तिने बजावलं होतं. कार्डाबरोबर चिठ्ठीही घरीच राहायची.

धानकापणीत पायाला विळा लागला. ती जखम मी आठ दिवस हळद भरून अंगावर काढली. भंडाऱ्याला निघालो त्या सकाळी बसमध्ये पाय ठणकायला लागला, मग हुडहुडी भरली, आणि मी सीटवरून खाली घसरलो. डोळे उघडले तेव्हा एका दवाखान्यातल्या खाटेवर होतो. एक तरुण नर्स मला दादाच्या नावाने हाका मारत होती.

तिथे मला खरी भीती वाटली. जीभ वळत नव्हती. "मी... तो नाही," एवढं कसंबसं म्हणालो.

"तापात बडबडताहेत," ती कुणालातरी म्हणाली.

पण पोरगी कामाला चोख. माझ्या मोबाईलवरून तिने शेवटचा नंबर लावला. तो वहिनीचा होता; बायको गेल्यापासून मी तिच्याच हातचं जेवतो. फोनवर कुणाचं नाव आलंय ते तिला वाचता येत नाही. फोन स्पीकरवर होता. नर्सने दादाचं नाव घेऊन विचारलं, हे तुमचे कोण?

"आमच्या घरचे हायेत जी. सकारीच गेले घरून. काहून?"

"ताप आहे, दवाखान्यात आणलंय. यांना कुठल्या इंजेक्शनची रिॲक्शन येते का?"

"नाई जी. त्याईले कोनत्याच सुईनं कदी काई झालं नाई."

वहिनी शब्दन् शब्द खरं बोलली. दादा सकाळीच धानाच्या बांधीवर गेला होता.

मी हात ओढून घेतला. दोघांनी तो धरून ठेवला. सुई गेली, आणि थोड्याच वेळात तळहातांना खाज सुटली, ओठ जड झाले, गळा आवळत गेला.

डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते म्हणून वाचलो. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. पायथ्याशी ते त्या नर्सवर ओरडत होते, "घरच्यांना न विचारताच दिलंस?"

"विचारलं होतं, सर," ती रडत म्हणाली. "नाव घेऊन विचारलं होतं."