बाईंची कैची

अख्ख्या पिपलानीत, म्हणजे आमच्या कारखान्याच्या कॉलनीत, माणसाची किंमत त्याच्या बोटांवरून ठरवणारी एकच बाई होऊन गेली, आणि नेमकी तीच माझ्या लेकीच्या बालवाडीची बाई निघाली. समोरचा साहेब असो की सिटी बसचा कंडक्टर, बाईंची नजर आधी हातांवर. "हे आमचे हे, कारखान्यात इंजिनियर," अशी मी ऐटीत ओळख करून दिली, तर म्हणाल्या, "ते असू दे. शर्टाला बटन टाकता येतं का?" येत नव्हतं.

बाई ग्वाल्हेरच्या; मराठीतून हिंदीत कधी शिरत, ते त्यांनाही कळत नसे. त्यांच्या वर्गात पोरं कणीक मळत, दोरीला कपड्यांचे चिमटे लावत, मटार सोलत. थंडीत एवढे मटार सोलले जात, की बाईंकडे रोज फुकटची उसळ शिजते, ही बातमी कॉलनीत मीच पसरवली. मी तेव्हा पुण्याहून नवी आलेली, बी. ए. झालेली, आणि कुणी न विचारता ते सांगणारी. माझ्या लेकीला रामरक्षा पाठ होती. चपलेचा पट्टा मात्र मी लावून देत असे.

"बाई, अक्षरं कधी शिकवणार?"

"पहले उँगली, फिर अक्षर!" असं म्हणून बाईंनी लेकीच्या हातात बोथट टोकाची कात्री, म्हणजे त्यांची कैची, दिली. आधी कागदाची कड नुसती कुरतडायची, मग सरळ रेघ, मग वळण. लेकीचा कागद पात्यांमध्ये दुमडून बसे आणि ती भोकाड पसरे. मग एके दिवशी ती घरी आली ती एकाच वेणीनिशी. दुसरी तिने दप्तरातून काढून आजीच्या हातात दिली. सासूबाईंनी जो टाहो फोडला, तो पलीकडच्या सोनागिरी वस्तीपर्यंत गेला असणार.

मी वेणी घेऊन तडक लेडीज क्लबात. ठराव झाला: कात्र्या बंद, बाई ऐकत नसतील तर बाईही बंद. आम्ही सगळ्या वर्गात जाऊन धडकलो. बाईंनी वेणी उलटसुलट करून पाहिली.

"एका दमात कापलीय हो! क्या हाथ बैठा है!"

"बाई, हे कौतुक आहे का?" मी किंचाळले.

बाईंनी प्रत्येकीला एक कात्री आणि गोल काढलेला कागद दिला. "डाव्या हाताने कापा."

आम्ही त्या बुटक्या खुर्च्यांत कशाबशा मावलो. मोठ्या साहेबांच्या मिसेसचा गोल बटाट्यासारखा झाला. माझा कागद पात्यांत दुमडून बसला. झाडून सगळ्यांच्या जिभा बाहेर!

"पोरांना उजव्या हाताने असंच होतं," बाई म्हणाल्या. "आता बोला, बंद करू?"

मोठ्या साहेबांच्या मिसेस मान वर न करता म्हणाल्या, "एक काग़ज़ और दीजिए ना, अभी जम रहा है."

कात्र्या राहिल्या, बाईही राहिल्या.

सगळ्या गेल्यावर मी खाली वाकून कपटे गोळा करत होते. बाई खुर्चीत टेकल्या. पदराने डोळे टिपत म्हणाल्या,

"घाबरले होते ग. हे गेलं असतं तर मी काय केलं असतं? घरी सगळे मोठे झाले. सगळ्यांना सगळं येतं."

मला वाटलं, किती सुखी बाई! यात रडण्यासारखं काय आहे? बी. ए. होते ना मी.

आता माझ्याही घरात सगळ्यांना सगळं येतं. सकाळी सगळे आपापले डबे भरून निघतात, आणि कुणाला एखादं झाकण उघडत नाहीये का, याची वाट बघत मी स्वयंपाकघरात उगाच उभी असते.