देबापुढचा डोंगर

माझं हृदय दुरुस्त होऊन आलं आणि त्यानंतर मला त्याची भीती वाटायला लागली. बायपास होईपर्यंत ते छातीत आहे याची मी कधी दखलही घेतली नव्हती. नागपूरचं कॉलेज, नोकरी, इलिनॉयमधला पहिला हिवाळा, शिकागोजवळच्या शॉमबर्गचं घर, लेकीचं लग्न, सगळं त्याने निमूटपणे पार पाडलं होतं. ऑपरेशननंतर मात्र माझी बोटं आपोआप मनगटावर जायला लागली. ग्रोसरीच्या रांगेत, मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना, अगदी फोनवर बोलतानाही मी नाडी बघत असे. डॉक्टर म्हणत, सगळ्या टेस्ट उत्तम आहेत, भरपूर चाला. मी मान डोलवायचो आणि पार्किंग लॉटमध्ये येऊन परत नाडी बघायचो.

याहून वाईट गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. लहानपणी वडिलांनी मला रामनामाची सवय लावली होती. कामाच्या धबडग्यातही ती कधी सुटली नाही. आता रोज सकाळी देवापुढे बसलो की ओठांवर नाम असायचं आणि लक्ष सगळं ठोक्यांकडे. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला की नाम तिथेच थांबायचं. हळूहळू वाटायला लागलं की आपण कुणाला हाक मारतोय? पलीकडे कुणी आहे का? असा प्रश्न मला उभ्या आयुष्यात पडला नव्हता, आणि तो पडला याचीही भीती वाटत होती.

माझ्या पत्नीला हे न सांगताच कळलं असावं. एकदा चहा पिताना ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही बरे झालात हे तुम्हाला सोडून सगळ्यांना कळलंय. जिथे तुम्हाला कुणी पेशंट म्हणून ओळखत नाही, अशा ठिकाणी जाऊन या बघू."

आमची लेक दूर पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला असते. लग्नाआधी ती स्पेनच्या उत्तरेला, बास्क लोकांच्या मुलुखात, समुद्राकाठच्या जुन्या यात्रेच्या वाटेने एकटी पाठीवर बॅग टाकून चालली होती. तिची बॅग अजून आमच्या बेसमेंटमध्ये होती. त्या वाटेवर दर मुक्कामाला हॉस्टेल असतं, रोज जमेल तेवढंच चालायचं, हे तिच्याकडून ऐकलेलं होतं. पत्नीचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून जायचं तर मला एकट्यालाच. डॉक्टरांनी आनंदाने परवानगी दिली. लेक मात्र फोनवर दोनदा विचारत राहिली, "बाबा, आर यू शुअर?" मी शुअर मुळीच नव्हतो. पण तिच्या आईने तोवर बॅगेत मेतकूट, गोडा मसाला, क्रेप बँडेज आणि बीपीचं मशीन भरलं होतं.

हॉस्टेल ही काय चीज आहे हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. एका खोलीत दुमजली पलंग, दोरीवर सगळ्या जगाचे मोजे वाळत घातलेले, आणि रात्रभर नाना देशांचं घोरणं. पहिल्याच मुक्कामी माझ्या वरच्या पलंगावर डोरोटा होती. ती पोलंडमधल्या शाळेत गणित शिकवणारी बाई, वयाने माझ्याहून थोडी लहान, आवाज असा की वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत सहज पोचावा. मी बीपीचं मशीन काढलं तेव्हा तिने वरून डोकावून विचारलं, "हा रेडिओ आहे का?" मी ऑपरेशनचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वरून एक सोललेलं संत्रं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बरं. मग उद्या किती चालायचं?" त्या दिवसापासून तिने माझं नाव 'शिकागो' ठेवलं. शॉमबर्ग तिला म्हणता येईना.

दुसरा दोस्त पाउलो. ब्राझीलचा, बँकेतून रिटायर झालेला, गोलमटोल आणि अत्यंत प्रेमळ माणूस. त्याला चालण्यापेक्षा स्वयंपाकात जास्त रस होता. झाराउत्झ गावच्या हॉस्टेलच्या किचनमध्ये मी मसूर आणि तांदूळ आणून खिचडी टाकली, तर हा शेजारी उभा राहून गोड्या मसाल्याचा वास घेत राहिला. शेवटी पातेलं टेबलावर ठेवलं आणि ओळखीचे-अनोळखी सगळेच ताटल्या घेऊन बसले. मेतकुटाची पुडी त्या एकाच बैठकीत संपली. हिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, हलकी झाली बॅग."

दिवस छान चालले होते. उजव्या हाताला समुद्र, डावीकडे हिरव्या टेकड्या, दगडांवर रंगवलेले पिवळे बाण. बाण दिसला की जायचं. संध्याकाळी हॉस्टेलमध्ये पोचलो की डोरोटा आधीच येऊन बसलेली असायची आणि "शिकागो आला" म्हणून आरोळी ठोकायची. तरी भीती गेली नव्हती. चढ लागला की मी थांबून नाडी बघायचो. नाम घ्यायला बसलो की तेच जुनं. माणसं मिळाली होती, देव मात्र अजून लांबच होता.

देबा नावाच्या गावापाशी ही वाट समुद्र सोडून डोंगरात शिरते. तिथलं हॉस्टेल रेल्वे स्टेशनच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथल्या बाईंनी सगळ्यांना बजावलं की पुढचा टप्पा निर्जन आहे, वाटेत घरं फार नाहीत, पाणी भरून न्या. आदल्या दिवशी धो धो पाऊस झाला होता, म्हणून बऱ्याच जणांनी सकाळी बस पकडली. पाउलोच्या टाचेला फोड आले होते, तोही बसने गेला. डोरोटा नेहमीप्रमाणे उजाडताच निघाली होती. मी दाराशी घुटमळत राहिलो. बसने जाणं शहाणपणाचं होतं. पण आज बसलो तर रोजच बसावं लागेल असं काहीतरी वाटलं आणि मी निघालो.

दुपारपर्यंत ठीक होतं. मग पाइनच्या जंगलातला लांबलचक चढ लागला. वाटेवर चिखल, झाडांतून धुकं उतरलेलं, मागेपुढे कुणी नाही. चढ संपता संपता छाती धडधडायला लागली. घाम फुटला, हातपाय गार पडले. एका तोडलेल्या ओंडक्यावर मी कसाबसा बसलो. फोनला सिग्नल नव्हता. गोळ्यांची बाटली हातात धरली, पण झाकण उघडायचं सुचेना. हीच ती वेळ, असं वाटलं. हिचा चेहरा डोळ्यांपुढे आला. इतक्या दिवसांत जे झालं नव्हतं ते झालं. नाम, जप, ठोके काही उरलं नाही, नुसतं तोंडातून आलं, "रामा, कुणाला तरी पाठव रे."

थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मग पुढच्या वळणाकडून खरंच माणसाचा आवाज आला. मला धीर आला. पण कान देऊन ऐकलं तर तो आवाज मदतीला येत नव्हता. तो मदत मागत होता.

आजही मला नीट सांगता येत नाही की मी कसा उठलो. उठलो एवढं खरं. वळण ओलांडलं तर उताराच्या चिखलात डोरोटा बसलेली. एक बूट काढलेला, घोटा सुजून टम्म झालेला, तोंडावर चिखल. मला बघून ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

"शिकागो," ती म्हणाली, "सकाळपासून एक माणूस नाही गेला इथून. मला वाटलं, आता गाई येऊन माझं काय करायचं ते ठरवणार."

मी म्हणालो, "तू इथेच थांब. मी खाली जाऊन कुणाला तरी घेऊन येतो."

तिने माझी बाही पकडली. त्या मोठ्या आवाजाच्या बाईचा आवाज एकदम लहान झाला. "मला एकटीला सोडून जाऊ नकोस."

हिने बळेच कोंबलेलं क्रेप बँडेज मी बॅगेच्या तळातून काढलं आणि घोटा आवळून बांधला. माझी बॅग पाठीवर, तिची पोटावर. तिच्या एका हातात चालायची काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. असे आम्ही उतरायला लागलो. दोन पावलं टाकली की ती कण्हायची. मी लय धरायची म्हणून नकळत म्हणायला लागलो, "राम... राम..." 'रा'ला काठी, 'म'ला पाऊल. तिने विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "देवाचं नाव आहे." "चांगलं आहे, छोटं आहे," असं म्हणून तीही म्हणायला लागली. तिच्या तोंडात त्याचं 'रॅम' होत होतं. चिखलात घसरलो की दोघंही जोरात रॅम म्हणायचो आणि हसायचो. एका ठिकाणी मेंढ्यांचा कळप वाट अडवून उभा होता. आमच्या गजराने तो बिचकून बाजूला झाला. डोरोटा म्हणाली, "तुझ्या देवाला इथे सगळे ओळखतात."

बराच वेळ लागला. थांबत, पाणी पीत, बसत आम्ही मार्किना गावाच्या वेशीशी आलो तेव्हा ऊन पडलं होतं. फोन लागला. हॉस्टेलच्या माणसाने सांगितलं की शेजारीच एक छोटं चर्च आहे, तिथे बसा, मी गाडी घेऊन येतो. आम्ही आत गेलो आणि मी जागीच उभा राहिलो. आत मधोमध तीन प्रचंड शिळा एकमेकींना टेकून उभ्या होत्या, छताला भिडतील इतक्या उंच. चर्च नंतर आलं असणार, शिळा आधीच्या. त्यांच्या पोटाशी देवाची छोटी मूर्ती. शिळेपुढे काय करायचं हे मला कुणी सांगावं लागलं नाही. दोन्ही बॅगा उतरवून मी हात जोडले, आणि तेव्हा लक्षात आलं की ओंडक्यावरून उठल्यापासून मी एकदाही नाडी बघितली नव्हती. छाती शांत होती. जे डोंगरावर झालं होतं ते भीतीचं होतं, हृदयाचं नव्हतं. हृदयाने तर मला आणि दोन बॅगांना मुकाट्याने खाली आणलं होतं.

डोरोटा बाकावर पाय लांब करून बसली होती. ती म्हणाली, "पडले तेव्हा मी प्रार्थना केली होती. मी काही फार चर्चला जाणारी नाही. पण म्हटलं, कुणाला तरी पाठव. आणि त्याने तुला पाठवलं."

मी तिच्या पायाशी बाकावर टेकलो. मग म्हणालो, "मीही वर बसून तेच मागत होतो."

"मग तुला कुणाला पाठवलं?"

"तुला."

ती इतकी मोठ्याने हसली की चर्चची देखभाल करणाऱ्या आजीबाई दारातून डोकावल्या. "लंगडी पोलिश बाई? शिकागो, देवाने तुझी थट्टा केली." मग डोळे पुसत ती हळूच म्हणाली, "आपल्या दोघांचीही केली."

हाड मोडलं नव्हतं, नुसता पाय मुरगळला होता. तिथल्या डॉक्टरांनी तिला चालायला मनाई केली. पाउलोने हॉस्टेलमध्ये सगळ्यांसाठी राजम्याची उसळ रांधली आणि मानाची पहिली ताटली तिला दिली. बिल्बाओ शहरापर्यंतची उरलेली वाट मी एकटा चाललो. सकाळी निघताना नाम घ्यायचो आणि ते दिवसभर आपलं आपण चालू राहायचं. ठोक्यांशी त्याचं आता भांडण नव्हतं.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. तिने उठून देवापुढे साखर ठेवली. डॉक्टरांनी मात्र दोन बॅगांचं ऐकून कपाळाला हात लावला, आणि बजावलं की पुन्हा कधी असं झालं तर बसून अंदाज करायचा नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. ते मला मान्य आहे. तो चमत्कार होता असं मी कुणाला पटवायला जात नाही. एका माणसाला भीती वाटली, एका बाईचा पाय मुरगळला, दोघं एकाच डोंगरावर होते, एवढंच कुणी म्हटलं तर तेही खरं आहे.

मला मात्र इतकं समजलं की शरण जाणं म्हणजे मी समजत होतो तसं हात जोडून आपली सुटका होण्याची वाट बघत बसणं नसतं. मी मदत मागितली, तेव्हा त्याने माझ्या दोन्ही हातांना काम दिलं. स्वतःला सांभाळण्याचं जे काम मी इतके महिने करत होतो ते त्याने तेवढ्या वेळापुरतं माझ्याकडून काढून घेतलं, आणि मग मला ते परत मागावंसंच वाटलं नाही. डोरोटाचा पाय बरा झालाय. येत्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे यायची आहे. हिने तिच्यासाठी पुरणपोळीचा बेत आत्ताच ठरवून टाकलाय.

आता सकाळी देवापुढे बसलो की शेवटी मी एवढंच म्हणतो, कुणाला माझी गरज असेल तर मला पाठव. आणि गंमत अशी की बहुतेक दिवशी चहा संपायच्या आत फोन वाजतोच. कधी तीन घरं पलीकडच्या काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं असतं, कधी पुण्याहून नवीन आलेल्या कुटुंबाला सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात. परवा काकूंच्या फोनमागोमाग दुसरा फोन आला तेव्हा ही किचनमधून म्हणाली, "अहो, देवाने तुमचं फारच मनावर घेतलंय."

मी हसत गाडीची किल्ली उचलली. दारातून वळून देवाला नमस्कार केला आणि काकूंना न्यायला निघालो.